ताटाचे पैसे आणि कारीगराचा चष्मा

चांगल्या कामासाठी ताटामागे रक्कम ठेवून जेवण देण्याची रीत आता आपल्या शहरांतही रुळली आहे. हॉटेलचा हॉल, मधे डॉक्टरसाहेबांचे भाषण, पडद्यावर चार चित्रे आणि शेवटी देणगीचे पाकीट. याला चॅरिटी डिनर म्हणतात. अंधत्व निवारण हा त्यातला जुना विषय आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबचे अधिवेशन भरले होते. तेथे हेलन केलर या अंध व बहिऱ्या विदुषीने अंधांसाठी कामाला लागा, असे आवाहन केले. तेव्हापासून लायन्सवाल्यांनी डोळ्यांचे काम धरले ते आजतागायत सोडलेले नाही. त्या क्लबात दुकानदार, व्यापारी मंडळीच पुष्कळ. म्हणजे धंदेवाल्यांनी या कामात पडणे काही नवे नाही.

आम्हा कापडवाल्यांनाही अशी निमंत्रणे येतात. जावे, जेवावे, पाकीट द्यावे, त्याला आमची हरकत नाही. पण दुकानात एक थान घेताना दहा वेळा उलटून पाहणारा माणूस देणगी देताना काहीच पाहत नाही, हे आम्हाला पटत नाही. हा पैसा कोणत्या डोळ्यांवर खर्च व्हावा याचा विचार व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखाच करावा.

परदेशात यातला आणखी एक प्रकार निघाला आहे. पाहुण्यांना मिट्ट काळोखात बसवून जेवू घालतात. १९९९ साली स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक शहरात असे कायमचे हॉटेलच सुरू झाले. वाढपी अंध, आणि नाव ‘ब्लिंडेकू’, म्हणजे जर्मन भाषेतली आंधळी कोशिंबीर. अंधाचा दिवस कसा जातो हे यातून कळत असेल आणि अंधांना रोजगार मिळतो, ते चांगलेच. पण आमच्या गल्ल्यांत जे नुकसान चालले आहे ते काळोखाचे नाही, धुक्याचे आहे. ते काळोखात बसून कळणार नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरूचे माग आता बोटांवर मोजण्याइतके उरले. हिमरूत सुताच्या ताण्यावर रेशमी फूल उचलावे लागते. पैठणीचा विणकर काठावरच्या मोरासाठी रंगारंगाच्या तिल्ल्या हाताने फिरवतो. त्याखेरीज आरीचे काम, जरदोजी, रफू, काज-बटण, आणि घरोघरी बायांच्या हातून होणारे बुरख्यावरचे भरतकाम. काळ्या कापडावर काळा धागा, तोही संध्याकाळी एका दिव्याखाली! हे सारे काम हातभर अंतरावरचे आहे. आणि नेमके याच अंतरावरचे दिसणे चाळिशीनंतर प्रत्येकाचे कमी होते. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, जवळ पाहण्यासाठी ते जसे फुगायला हवे तसे फुगत नाही. हा रोग नव्हे. याला लोक चाळिशी म्हणतात आणि त्याच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात.

आता बाजारात काय होते पाहा. पंचेचाळिशीचा कारीगर. वीस-पंचवीस वर्षांचा हात. एके दिवशी त्याच्या मालात तार सुटू लागते, टाका वाकडा पडतो, रंगाची छटा चुकते. व्यापारी माल परत करतो किंवा मजुरीत कापतो, आणि म्हणतो, याचा हात उतरला. हात उतरलेला नसतो, डोळा उतरलेला असतो. कारीगरही बोलत नाही. चष्मा लावला तर मालक म्हातारा समजेल, बारीक काम पोराकडे देईल, ही भीती. सुई ओवायला तो नातवाला हाक मारतो आणि काम उन्हात नेऊन बसतो. मग एक दिवस माग सोडून कोठेतरी रखवालदारी धरतो. एक कसब बाजारातून उठते आणि कारण असते दीड-दोनशे रुपयांचा चष्मा.

ही आमची कल्पना नाही, याचा हिशेब झालेला आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक पाहणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना नंतर देऊ म्हटले. चष्मेवाल्यांची पत्तीची तोड इतरांच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशात ८२४ माणसे घेतली, ३५ ते ६५ वयाची, त्यांत विणकर आणि शिवणकाम करणाऱ्या बायाही होत्या. चष्मा मिळालेल्यांची महिन्याची कमाई ३५ डॉलरवरून ४७ डॉलरवर गेली, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने वाढली. हा हिशेब २०२४ साली छापून आला. आमच्या धंद्यात कोणते यंत्र दोनशे रुपयांत इतका नफा देते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात ८२ कोटींवर माणसे केवळ योग्य चष्म्याअभावी जवळचे नीट पाहू शकत नाहीत.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की कारीगराचा चष्मा खैरातीच्या वहीत लिहूच नये. तो धंद्याच्या वहीत लिहावा, जसे आपण सुताचे, वाहतुकीचे, विजेचे बिल लिहितो. खैरात म्हटली की स्वाभिमानी कारीगर हात मागे घेतो. तो मेहनतीची रोटी खाणारा माणूस आहे, रांगेत उभे राहून फोटो काढून घेणार नाही. शिवाय जकात ज्याच्या हक्काची त्याच्याकडेच गेली पाहिजे. ज्याच्या हातच्या मालावर आपण नफा घेतो त्याचा चष्मा जकातीतून भागवणे आम्हाला तरी बरे वाटत नाही.

मग जेवणाच्या पैशाचे काय? समजा दोनशे ताटे, ताटाला हजार रुपये. दोन लाख आले. निम्मे हॉल आणि खानसाम्याने नेले. एक लाख उरले तरी दोनशे रुपयांचे पाचशे चष्मे होतात. पण आमच्या मते हे उरलेले पैसे चष्म्यांत न घालता तपासणीत घालावेत. कारण फुटपाथवरचा तयार चष्मा जवळचे दिसायला उपयोगी पडतो, डोळ्यात काय चालले आहे ते सांगत नाही. काचबिंदूत दुखत नाही, बाजूची नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही. साखरेच्या आजारात मागचा पडदा खराब होतो, तोही बराच काळ गुपचूप. आणि साखर आमच्या मोहल्ल्यांत किती घरांत आहे ते सांगायला नको! मोतीबिंदूचे तसे नाही, त्याचे ऑपरेशन झाले की नजर येते, आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत होते. आपल्या घाटीतही डोळ्यांचा विभाग आहे. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूचेच निघाले. इलाज असून लोक घरात बसून आहेत. त्यांना दवाखान्यापर्यंत कोणी नेत नाही, एवढेच.

डॉक्टरसाहेब भाषणाला येतातच, त्यांना एक दिवस कारखान्यात आणावे. जेवणाच्या एका टेबलाने एक गल्ली वाटून घ्यावी: नवाबपुरा एकाने, रोशन गेट दुसऱ्याने, किराडपुरा तिसऱ्याने. शिबिर रविवारी ठेवतात तेथेच चुकते. आमच्या गल्ल्यांत बहुतेक काम जुम्म्याला बंद असते, रविवारी चालू. थानावर मजुरी घेणारा माणूस रविवारचा रोज बुडवून रांगेत का उभा राहील? तपासणी जुम्म्याच्या नमाजनंतर आणि कारखान्यातच व्हावी. भरतकाम करणाऱ्या बायांसाठी एखाद्या घराची ओटी मागावी आणि बाई डॉक्टर बोलवावी. ज्याला ऑपरेशन सांगितले त्याचे नाव माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे द्यावे. त्याच्यासोबत दवाखान्यात माणूस पाठवणे आणि बसलेल्या दिवसांची मजुरी देणे हे त्या व्यापाऱ्याच्या अंगावर. फार मोठा खर्च नाही, एका परत आलेल्या शेरवानीएवढा.

तारखेचेही पाहावे. ईदचे काम शाबानपासून चढते, मग कोणी डोके वर काढत नाही. तेव्हा जेवण केव्हाही ठेवा, तपासणी रज्जब संपायच्या आत उरकून घ्या.