आपांच्या ब्लॉगची किल्ली



या सदरात आपण घरातल्या एखाद्या यंत्राशी किंवा फोनमधल्या एखाद्या सोयीशी ओळख करून घेतो. या वेळी ब्लॉगविषयी लिहीत आहे. निमित्त घरातलेच आहे आणि थोडे दुःखाचेही आहे.

माझ्या थोरल्या नणंदेला आम्ही सारे 'आपा' म्हणत असू. माहेर महाडचे, सासर घाटकोपरच्या असल्फ्याचे. 2012 साली त्यांच्या मुलाने ओळखीच्या एका वेबसाइट बनवणाऱ्याकडून त्यांना ब्लॉग काढून दिला. आपा त्यावर आपल्या कोकणी घरातले जेवण लिहू लागल्या. तांदळाची भाकरी, सुक्या कोळंबीचे कालवण, सांदणे, शबे-बरातचा हलवा. नुसती कृती नव्हे, तर सोबत आठवणीही असत. सावित्रीला पूर आला की चूल माळ्यावर कशी नेत, ईदच्या आदल्या रात्री शेवया कोण वळत असे, हे सारे त्या मराठीत लिहीत. एका बोटाने टाइप करत त्यांनी नऊ वर्षांत 150च्या आसपास लेख लिहिले.

2021 मध्ये आपा आम्हाला सोडून गेल्या. घर सावरायला वेळ लागला. 2023च्या रमजानमध्ये माझ्या मुलीला सांदणाचे प्रमाण हवे होते. तिने ब्लॉग उघडला, तर तिथे कुठल्याशा जाहिरातींचे परक्या भाषेतले पान! मला वाटले, पत्ता चुकला असेल. पुन्हा पाहिले. पत्ता बरोबर होता, पण घर आपांचे राहिले नव्हते.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. ब्लॉगचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्या बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदवला होता. आपा हयात होत्या तोवर दरवर्षी त्याचा फोन यायचा आणि मुलगा पैसे द्यायचा. पुढे त्या माणसाने व्यवसाय बदलला. मुदत संपल्याची पत्रे आली ती त्याच्या जुन्या ईमेलवर, जो तो स्वतःही उघडत नव्हता. त्याला दोष देऊन काय उपयोग? किल्ली कुणाकडे आहे, हे आम्हीच कधी विचारले नाही.

भाचा म्हणाला, "मामी, गेलं ते गेलं." मला ते पटेना. तेवढ्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितले की, मुंबईत वर्डप्रेस वापरणाऱ्यांची एक मंडळी आहे. अधूनमधून एकत्र जमतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात आणि पैसे घेत नाहीत. आपांचा ब्लॉग वर्डप्रेसवरच होता. एका रविवारी मी आणि मुलगी असल्फ्याहून मेट्रोने चकाल्याला उतरलो. अंधेरी पूर्वेच्या एका कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर बैठक होती.

मनात धाकधूक होती. मी पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी. तिथे सगळी इंग्रजी बोलणारी तरुण पोरे असतील, असे वाटले होते. प्रत्यक्षात तीसएक माणसे होती. कॉलेजची मुले होती, तसे बोरिवलीहून आलेले एक निवृत्त बँक कर्मचारी होते, दाताचा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या आणि घरून पापड-लोणची विकणारी एक ताईही होती. आधी तासभर एकाने व्याख्यान दिले. मग चहा झाला आणि ज्याची जी अडचण होती ती टेबलावर आली.

डॉक्टरीणबाईंची वेबसाइट बंद पडली होती. एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग, अद्ययावत केल्यावर पानावर फक्त चुकीचा संदेश दिसत होता. शेजारच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "ताई, ईमेल पाहिलात का?" वर्डप्रेसची 5.2 ही आवृत्ती 2019 मध्ये आली. तेव्हापासून असा बिघाड झाला की साइटच्या प्रशासकाला आपोआप पत्र जाते. त्यातल्या दुव्यावरून आत शिरून बिघडलेला भाग तेवढा बंद करता येतो. बाईंचे पत्र आलेच होते, पण ते दवाखान्यातल्या जुन्या ईमेलवर पडून होते. पाच मिनिटांत साइट सुरू झाली. मला वाटले, ही तर आमचीच गोष्ट! पत्र वेळेवर निघते, पण ज्या दारावर जाते तिथे कुणी राहतच नाही.

मग आमची पाळी आली. मुलुंडहून आलेला एक मुलगा आमच्याजवळ बसला. त्याने समजावले ते सोप्या शब्दांत सांगते.

ब्लॉगचे तीन भाग असतात. डोमेन म्हणजे पत्ता. होस्टिंग म्हणजे जागा. आणि वर्डप्रेस म्हणजे त्या जागेवर उभे केलेले घर. वर्डप्रेस फुकट आहे, पण पत्ता आणि जागा यांचे दरवर्षी भाडे असते. डॉट कॉम पत्त्याची मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि एक आठवडा अशी दोनदा सूचना द्यावीच लागते. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. तरी पैसे भरले नाहीत तर कंपनीनुसार काही दिवसांची सवलत मिळते. ती संपून पत्ता रद्द झाला की 30 दिवस तो जादा दंड भरून सोडवता येतो. त्यानंतर पाच दिवसांनी तो कुणालाही घेता येतो. आमचा पत्ता असाच दुसऱ्याने घेतला होता.

"काकू, पत्ता आता मिळणार नाही. पण लिहिलेलं कदाचित मिळेल," तो म्हणाला. त्याने 'इंटरनेट आर्काइव्ह'चे 'वेबॅक मशीन' उघडले. ही अमेरिकेतली एक ना-नफा संस्था आहे. 1996 पासून ती जगभरच्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवते आणि 2001 पासून त्या सर्वांना पाहता येतात. त्याने आपांच्या ब्लॉगचा जुना पत्ता टाकला. पडद्यावर एक दिनदर्शिका आली. त्याने 2018 मधल्या एका तारखेवर बोट ठेवले आणि आपांचे पान उघडले. वर त्यांचे नाव, खाली त्यांचेच शब्द. मुलीने माझा हात घट्ट धरला.

सारे मात्र मिळाले नाही. 94 लेख मिळाले. बाकीच्यांच्या प्रती कधी घेतल्याच गेल्या नव्हत्या. फोटो तर फारच थोडे सापडले. शबे-बरातच्या हलव्याचा लेख गेला तो गेलाच. पण 94 म्हणजे काही कमी नव्हेत.

पुढचे दोन महिने आम्ही मायलेकींनी नवा ब्लॉग उभा केला. आधी सराव केला तो 'वर्डप्रेस प्लेग्राउंड'वर. तिथे काहीही विकत न घेता ब्राउझरमध्येच वर्डप्रेस सुरू होते. हवे ते दाबून पाहा, काही बिघडले तरी फिकीर नाही. खिडकी बंद केली की सारे पुसले जाते, हे मात्र ध्यानात ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. आपल्या एका लेखाचे शीर्षक होते 'रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली सांदणे'. वर्डप्रेस शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता तयार करते. तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर टक्क्यांची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची भलीमोठी माळच उमटली. पुढच्या बैठकीत कारण कळले. नागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ खुणांची जागा घेते आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी 200 खुणांचीच जागा राखते. म्हणजे बावीसएक चिन्हांनंतर कात्री! आमचे शीर्षक 'रमजानच्या शेवटच्या दहा'पर्यंत आले आणि 'दिवसांतली'मधला नुसता 'द' उरला. उपाय सोपा आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, पण लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी उजवीकडच्या रकान्यात पत्ता बदलून रोमन अक्षरांत दोन-तीन छोटे शब्द लिहा.

दुसरी शिकवण प्रतीविषयी. वर्डप्रेसमध्ये 'साधने' या भागात 'निर्यात' ही सोय आहे. तिथून सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलीत उतरवता येतात. पण त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. मूळ जागा बंद झाली की ते पत्ते निरुपयोगी. म्हणून फोटोंची प्रत वेगळी काढायची. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती काढतो. एक घरच्या संगणकावर असते, दुसरी भाच्याकडे पेनड्राइव्हवर.

मी त्या मुलुंडच्या मुलाला विचारले, "बेटा, सुट्टीच्या दिवशी हे सगळं फुकट का करतोस?" तो हसला. "काकू, मीही असाच शिकलो."

ही रीत या कामाच्या मुळातच आहे. फ्रान्सच्या मिशेल वाल्द्रिगी यांनी बी-टू नावाचे ब्लॉगचे सॉफ्टवेअर लिहिले होते. त्यांनी त्यावरचे काम थांबवल्यावर ते वाया जाऊ नये म्हणून अमेरिकेचे मॅट मुलनवेग आणि इंग्लंडचे माइक लिटल यांनी तेच पुढे नेले आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. बी-टूचा परवानाच असा होता की, ते कुणीही वापरावे, बदलावे आणि पुढे द्यावे. वर्डप्रेसनेही तोच परवाना ठेवला. आज जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी दोन त्यावर चालतात. 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वापरणाऱ्यांचा पहिला मोठा मेळावा, म्हणजे वर्डकॅम्प, भरला. मुंबईत 2014 ते 2017 या काळात असे मेळावे झाले. 2026च्या एप्रिलमधल्या आशियाच्या वर्डकॅम्पसाठीही, बँकॉक, तैपेई आणि मनिला यांच्यानंतर, आपल्या मुंबईची निवड झाली.

छोट्या बैठकांचे नियम मला फार आवडले. बैठक सर्वांना खुली असावी. ती कुणा एकाच्या धंद्यासाठी नसावी. चालवणारे आणि बोलणारे दोघेही स्वयंसेवक असावेत. आणि येणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षित व आपलेसे वाटावे. मला तरी तिसऱ्या बैठकीपासून ओढणीची आठवणही राहिली नाही. पापडवाल्या ताईला फोटो लहान कसे करायचे, ते मीच शिकवले.

घराबाहेर पडणे जमत नसेल त्यांच्यासाठीही एक काम आहे. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात. मोफत खाते उघडून कुणीही शब्द सुचवू शकतो. जाणकार मंडळी तपासून ते स्वीकारतात. शाळेत मराठी शिकवणाऱ्या आपल्या किती तरी भगिनी आहेत. दुपारच्या अर्ध्या तासात दहा वाक्ये सहज होतील.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात कुणाचा ब्लॉग असेल, दुकानाची किंवा मदरशाची वेबसाइट असेल, तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. पहिली, डोमेन कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर आहे ते विचारा. बनवणारा कितीही विश्वासाचा असो, नोंद मालकाच्या नावावर आणि रोज उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर हवी. दुसरी, वर्डप्रेसमध्ये घरातल्या आणखी एकाला प्रशासक करून ठेवा. एकच किल्ली असलेले घर कधी ना कधी बंद पडते. तिसरी, एका वहीत पत्ता कुठून घेतला, जागा कुठे आहे आणि मुदत कधी संपते ते लिहा. ती वही घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. गूगलच्या ब्लॉगरवर लिहीत असाल, तर गूगल खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' नावाची सोय आहे. आपण ठरवलेल्या मुदतीपर्यंत खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला तसे कळवले जाते आणि आपण ठरवलेली माहितीही त्याला मिळते.

आपण दागिने कुणाकडे आहेत ते सांगून ठेवतो, घराची कागदे कुठे आहेत ते सांगतो. लिहून ठेवलेले शब्दही तशीच अमानत आहे.

नव्या ब्लॉगवर हलव्याची जागा आम्ही रिकामी ठेवली होती. मागच्या महिन्यात महाडच्या एका वृद्ध खालांनी प्रतिक्रिया लिहिली. आपांनी हा हलवा त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकला होता. त्यांनी पूर्ण प्रमाण नातीकडून टाइप करून पाठवले आणि खाली लिहिले, "तुझ्या आपाला साखर नेहमी कमी पडायची. तू बेतानं वाढव."

आम्ही ते त्यांच्या नावासह, आहे तसे, ब्लॉगवर ठेवले आहे. त्याची प्रतही काढली आहे.