शनिवार-रविवार : तिकडचा आणि इकडचा

माझी आत्येबहीण आणि तिचे यजमान जर्मनीत स्टुटगार्टला राहतात. दर सोमवारी सकाळी अंबरनाथहून कॉलेजला येताना, लोकलच्या दाराशी अंग चोरून उभा असतानाच, त्यांची छायाचित्रे माझ्या मोबाईलवर येऊन पडतात. कधी नेकार नदीकाठचा हायडलबर्गचा किल्ला, कधी ब्लॅक फॉरेस्टमधील टिटिझे तलाव, तर कधी ऱ्हाईन ओलांडून थेट फ्रान्समधले स्ट्रासबुर्ग! प्रवास नसेल त्या आठवड्यात मित्रांच्या घरची पंगत : टेबलाभोवती आठ-दहा मराठी माणसे, मधोमध मिसळीचे पातेले आणि सर्वांच्या चेहऱ्यांवर हसू. पु. लं.चे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले तेव्हा युरोप हा आपल्याकडे खरोखरच अपूर्वाईचा विषय होता. आज तो सोमवार सकाळचा नित्याचा विषय झाला आहे.

ही छायाचित्रे पाहून आमच्या घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, “मजा आहे बुवा त्यांची!” आणि दुसरी, “आई इकडे एकटी आणि ही मंडळी तिकडे गावे हिंडताहेत!” पहिलीत हेवा आहे, दुसरीत नैतिक समाधान आहे. दोन्ही वाक्ये मी स्वतः अनेकदा उच्चारली आहेत. आज मात्र ती दोन्ही मला खोटी वाटतात. का, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गेल्या डिसेंबरात ताई आणि दाजी पंधरा दिवसांसाठी आले होते. एका रविवारी दाजी म्हणाले, “चल, आम्हाला तुमचे शिवमंदिर दाखव.” मी जन्मापासून अंबरनाथकर. महाशिवरात्रीच्या रांगेत उभा राहिलो आहे, जत्रेत पाळण्यात बसलो आहे. मी ऐटीत निघालो. मंदिरासमोर उभे राहताच दाजींनी विचारले, “किती जुने असेल?” मी बेधडक सांगितले, “पांडवांनी एका रात्रीत बांधले.” दाजी हसले नाहीत, हेच मला जास्त लागले. त्यांनी येण्याआधी वाचून ठेवले होते. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, राजा शिलाहारांचा मम्वाणी, बांधणी भूमिज शैलीची. पायऱ्या उतरून आम्ही गाभाऱ्यात गेलो. वर पाहिले तर उघडे आकाश! इतक्या वेळा त्या पायऱ्या उतरलो, पण मागच्या माणसाच्या धक्क्याखेरीज काही लक्षात राहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मीच. बाहेर येऊन शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे त्यांनी पाहिले आणि नाकाला रुमाल लावला. त्या नदीबद्दल मात्र त्यांनी काहीच विचारले नाही. त्याचे उत्तर मला येत होते.

परतताना मी ताईला म्हणालो, “तुमचे बरे आहे. दर आठवड्याला सहल!” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, पहिल्या वर्षी आम्ही रविवारी घरीच बसायचो. दुकाने बंद, रस्ते सामसूम, हिवाळ्यात साडेचारलाच अंधार. घर खायला उठायचे. मग ठरवले, शनिवारी घराबाहेर पडायचेच. नाहीतर कुणाकडे तरी जायचे, किंवा कुणाला तरी बोलवायचे. तिथे मित्र म्हणजेच काका, मामा, आत्या.”

दुरून डोंगर साजरे, हे मला तेव्हा समजले. ज्याला आम्ही चैन समजत होतो ती काही अंशी गरज होती. पण तेवढेच म्हणून थांबलो तर तेही अर्धसत्य होईल. कारण त्यांच्याजवळ एक गोष्ट खरोखरच आहे, आणि ती म्हणजे त्यांचा रविवार. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम जर्मनांनी १९४९ च्या राज्यघटनेत तसेच कायम ठेवले. रविवार हा तिथे केवळ रिवाज नाही, ते घटनेचे वचन आहे. शिवाय मे २०२३ पासून देशभरातील सर्व लोकल आणि प्रादेशिक गाड्यांसाठी महिन्याचा एकच पास निघाला. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, पुढे महागला. म्हणजे वेळही हातात आणि प्रवासाची सोयही हातात.

आपल्याला रविवार कुणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचा हा सहकारी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडला आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याला १३० वर्षे उलटून गेली. राज्य सरकारी कार्यालयांना तर २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. पण मित्रहो, आपल्या पट्ट्यातील घराघरात डोकावून पाहा. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन-चार तास गाडीत जातात, तेही चौथ्या सीटवर किंवा उभ्याने. माझे वडील खाजगी नोकरीत आहेत. त्यांना शनिवारही नाही. रविवारी ते अकरापर्यंत झोपतात, आणि त्यांना उठवण्याचा धीर आम्हाला होत नाही. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार आम्ही सहा दिवसांची झोप फेडण्यात खर्च करतो. अशा माणसाला “तुम्ही कुठे फिरायला का जात नाही?” असे विचारणे हा क्रूरपणा आहे. कामाची ठिकाणे घराजवळ आल्याखेरीज आणि गाड्या वाढल्याखेरीज त्यांचा रविवार त्यांना परत मिळणार नाही.

हे झाले वडिलांचे. पण माझे काय? माझा रविवार कुणी नेला?

माझा एक वर्गमित्र उल्हासनगरचा, कॅम्प नंबर तीनमध्ये राहणारा. त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंधहून आले, ते लष्करी छावणीच्या बराकीत उतरले. त्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तोवर ही माणसे परक्या मुलखातच होती म्हणायची : भाषा वेगळी, नातेवाईक चार दिशांना पांगलेले. त्याच्या घरी रविवारी सकाळी दाल-पकवान होते, आणि ते कधीच फक्त घरातल्यांपुरते नसते. शेजारचे येतात, एकेकाळी आजोबांबरोबर त्याच बराकीत राहिलेल्यांची मुले-नातवंडे येतात. स्टुटगार्टची ताई आज जे करते आहे, तेच या माणसांनी सत्तर वर्षांपूर्वी केले. ज्यांचे गाव सुटते त्यांना माणसांची किंमत लवकर कळते. ज्यांचे सुटलेले नाही, ते आम्ही, माणसे आहेतच असे गृहीत धरून बसतो.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी ताईने मला सहज विचारले, “आईकडे शेवटचा कधी गेला होतास?” आत्या कुळगावात राहते. अंबरनाथहून पुढचेच स्टेशन. मी आठवू लागलो. दिवाळी नव्हे, गणपती नव्हे, त्याच्या आधीचे गणपती. सव्वा वर्ष! ताई पुढे काही बोलली नाही. समुद्रापलीकडच्या मुलीला “आई एकटी” म्हणून नावे ठेवणारा मी, दहा मिनिटांवरच्या आत्याला सव्वा वर्षात भेटलो नव्हतो. आत्याच्या मोबाईलवर येणारी छायाचित्रे तीच, माझ्या मोबाईलवर येणारीही तीच. दोघे एकाच वेळी, दोन स्टेशनांवर, ती पाहत होतो.

जानेवारीत, त्यानंतरच्या एका रविवारी, मी गेलो. आत्याने दार उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “आज मेगाब्लॉक नव्हता वाटते?” तिच्या स्वरात उपहास मुळीच नव्हता. दर वेळी मी तेच कारण सांगत आलो होतो आणि तिने ते खरे मानले होते. दुपारी दोनच्या सुमारास ताईचा फोन आला. आत्या रविवारी तो झाल्यावरच जेवते. त्या दिवशी आम्ही दोघे थालीपीठ खात फोनवर दिसलो. पाठीमागे किल्ला नव्हता, तलाव नव्हता. तरी ताई कितीतरी वेळ ते पाहत राहिली.

तात्पर्य, परदेशातील जोडप्यांचा हेवा करू नये आणि त्यांना उपदेशही करू नये. घ्यायचीच असेल तर त्यांची एक सवय घ्यावी : शनिवारीच ठरवावे, की उद्या कुणाकडे तरी जायचे किंवा काहीतरी पाहायचे. पावसाळ्यात कोंडेश्वर आहे, पाय धड असतील तर मलंगगड आहे, आणि शिवमंदिराची शिल्पे गर्दी नसलेल्या एखाद्या साध्या रविवारी आपली वाट पाहत आहेत. वाङ्मय मंडळाने पुढील वर्षी तेथे एक सहल न्यावी, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. शिलालेखाचे साल मी आता पाठ केले आहे.

आणि हो, येत्या रविवारी मेगाब्लॉक असला तरी मी बदलापूरला जाणार आहे. रिक्षा आहेतच.