वेल्समधल्या मराठी माणसांनो, आपली बस वाचवूया

पश्चिम वेल्सच्या खेड्यापाड्यांत 2009 पासून बूकाबस नावाची गाडी धावत होती. फोन करायचा, कुठून कुठे जायचं ते सांगायचं, की लहानशी बस आपल्या फाट्यावर हजर. कारमार्दनशर, केरेडिगिऑन आणि पेम्ब्रोकशर या तीन जिल्ह्यांतल्या आडबाजूच्या वस्त्यांना तिने बाजार, दवाखाना आणि कॉलेजशी जोडलं होतं. मग युरोपीय निधी आटला, त्याच्या जागी दुसरा पैसा उभा राहिला नाही आणि 31 ऑक्टोबर 2023 ला ती बंद पडली.

एखादी बस अशी एका तारखेला जाते. बहुतेक बस मात्र हळूहळू जातात. आधी रविवारची फेरी बंद होते. मग संध्याकाळची. मग कामावरून सुटणाऱ्याला ती सोयीची राहत नाही, तो गाडी घेतो, प्रवासी घटतात, आणि प्रवासी नाहीत म्हणून दुपारची फेरीही कापली जाते. थांब्यावरची चौकट तेवढी उरते, आत जुनं वेळापत्रक.

हे आपल्या डोळ्यांदेखत घडतंय. आणि हे थांबवणं आपल्या हातात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण म्हणजे इथल्या रुग्णालयांत, केअर होममध्ये, कारखान्यांत काम करणारे, ॲबरिस्टविथ-स्वान्सीला शिकणारे, कार्डिफमध्ये स्थिरावलेले मराठी लोक. नव्याने आलेल्याला विचारा. भारताचं लायसन्स इथे फक्त 12 महिने चालतं, पुढे परीक्षा देऊन इथलं काढावं लागतं. तोवर सकाळच्या शिफ्टला पोचायचं कसं? आणि देशातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना घराबाहेर पडायला बसशिवाय आहे काय? बस असली तर ते बाजारात जातात, ग्रंथालयात जातात, चार माणसांत मिसळतात. नसली तर खिडकीत बसून आपल्या परतण्याची वाट बघतात.

हे दुखणं एकट्या आपलं नाही, हेही लक्षात घेऊया. वेल्समधल्या पाचातल्या जवळपास एका घरी गाडीच नाही. सार्वजनिक वाहतुकीने होणाऱ्या दर चार प्रवासांपैकी सुमारे तीन बसने होतात. चर्चा रेल्वेची जास्त होते, पण भार वाहते ती बस.

पॉविसचं बघा. वेल्सचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापणारा हा जिल्हा, वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर. अख्ख्या जिल्ह्यात मोठं जिल्हा रुग्णालय एकही नाही. हाड मोडलं, हृदयाचं दुखणं निघालं, तर जायचं श्रूजबरीला किंवा हेरफर्डला, म्हणजे इंग्लंडमध्ये. नाहीतर डोंगर ओलांडून ॲबरिस्टविथला. आता समजा, तपासणीची वेळ सकाळी साडेनऊची आहे आणि पहिलीच बस साडेदहाला पोचते. म्हातारं माणूस काय करणार? शेजाऱ्याच्या विनवण्या करणार, टॅक्सीला न परवडणारे पैसे मोजणार, नाहीतर तपासणीच टाळणार. कागदावर ती 'रुग्ण आलाच नाही' अशी नोंद होते. बस तोडली की दवाखानाही तुटतो, तो असा.

ही अवस्था काही आकाशातून पडलेली नाही. 1965 मध्ये ॲबरिस्टविथ ते कारमार्दन रेल्वेची प्रवासी वाहतूक बंद झाली. आजही ॲबरिस्टविथहून राजधानी कार्डिफला रेल्वेने जायचं तर इंग्लंडमधल्या श्रूजबरीला वळसा घालावा लागतो. 1985 च्या कायद्याने लंडन वगळता बससेवा मोकळ्या बाजारावर सोडली. ज्या मार्गावर नफा, तो कंपनीचा. जिथे तोटा, तिथे कौन्सिलने पैसे घालायचे. आणि कौन्सिलच्या तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कुऱ्हाड कुठे पडते, हे सांगायला नको.

पण हेच मार्ग आपण जिवंतही ठेवू शकतो. त्याच बंद पडलेल्या रेल्वेची दोन टोकं जोडत आज ॲबरिस्टविथ ते कारमार्दन टी-1 ही बस धावते, आणि 2023 पासून ती विजेवर चालते. उतरताना प्रवासी ड्रायव्हरला 'डिओल्ख', म्हणजे वेल्शमध्ये धन्यवाद, म्हणतात, ड्रायव्हर मान डोलावतो. 1948 च्या 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या पहिल्या एसटीपासून गावोगावी काय बदललं, हे घराघरांतून ऐकत मोठे झालेलो आपण. गावात बस येण्याची किंमत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग आपलं म्हणणं ऐकणार कोण? इथेच सेनेद येते, म्हणजे वेल्सची संसद. 2026 च्या निवडणुकीपर्यंत तिच्या 60 सदस्यांपैकी 40 मतदारसंघांचे आणि 20 पाच विभागांचे असायचे. जेन डॉड्स या तेव्हा मध्य आणि पश्चिम वेल्स विभागाच्या सदस्य होत्या, 2021 च्या निवडणुकीत सेनेदवर गेलेल्या त्यांच्या पक्षाच्या एकमेव. तेव्हाच्या सत्ताधारी लेबरकडे नेमक्या 30 जागा होत्या, बहुमत नव्हतं. 2025 चा अर्थसंकल्प मंजूर व्हायचा तर कुणाची तरी साथ हवी होती. डॉड्स यांनी मतदानापासून दूर राहण्याच्या बदल्यात ज्या गोष्टी पदरात पाडून घेतल्या, त्यांत तरुणांसाठी एक पौंडाच्या बसभाड्याचा प्रयोग होता, सुमारे दीड कोटी पौंडांचा. 4 मार्च 2025 ला अर्थसंकल्प 29 विरुद्ध 28 असा मंजूर झाला. सप्टेंबरपासून 16 ते 21 वयाची मुलं एका पौंडात प्रवास करू लागली, नोव्हेंबरपासून त्यांच्याहून लहानही.

पक्ष कोणता, हा इथे मुद्दा नाही. प्रश्न लावून धरणारा एक सदस्यही बसभाडं बदलू शकतो, एवढं आपण यातून घेऊया. आणि सदस्य प्रश्न लावून धरतो, कारण त्याच्याकडे लोकांची पत्रं येतात.

आता रचना बदलली. 2024 च्या कायद्याने 2026 च्या निवडणुकीपासून सेनेदमध्ये 96 सदस्य आणि 16 मतदारसंघ. विभागीय सदस्य हा प्रकार संपला. म्हणजे आपल्यातल्या प्रत्येकाचे सहा सदस्य. सहा दारं ठोठावता येतील, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ठोठावायची घाई आहे. मार्च 2025 मध्ये सेनेदपुढे आलेल्या बस विधेयकाचा गाभा असा, की मार्ग, वेळा आणि भाडं सरकारने ठरवायचं, कंपन्यांनी त्यानुसार गाड्या चालवायच्या. गेल्या चाळीस वर्षांत याहून चांगली बातमी बसला मिळालेली नाही. पण आराखड्यातला क्रम बघा: आधी नैर्ऋत्य वेल्स 2027 मध्ये, मग उत्तर, मग आग्नेय, आणि सगळ्यांत शेवटी मध्य वेल्स, 2030 मध्ये. ज्या पॉविसला बसची निकड सर्वाधिक, त्याची पाळी शेवटी. मधल्या काळात जी फेरी बंद पडेल, तिचे प्रवासी विखुरतील. नवा नकाशा आखणाऱ्यांना तिथे मागणीच दिसणार नाही. म्हणून आज धावणारी प्रत्येक फेरी तोवर जगवायची आहे.

तेव्हा लिहूया. पत्र लांबलचक नको. थांबा कोणता, फेरी कोणती, ती चुकल्यामुळे किंवा बंद झाल्यामुळे काय बिघडलं, इतकंच. "बससेवा सुधारा" हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. "मंगळवारी डायलिसिसहून घरी यायला बस नाही" हे फक्त त्या माणसाला. सेनेदमध्ये मंगळवारी कामकाजाच्या निवेदनावेळी सदस्य मंत्र्यांकडून खुलासा मागू शकतात, बुधवारी छोट्या चर्चा होतात. आपलं ते एक वाक्य त्यांच्या हातात असायला हवं.

एकदा कार्डिफ बेला जाऊन हे प्रत्यक्ष बघाच. पायाखाली स्लेटची फरशी, वर देवदाराच्या लाकडाचं लाटांसारखं छत, आणि त्या छताचं नरसाळं थेट सभागृहावर उतरलेलं. प्रेक्षक सज्जा वर आहे, काचेतून खालचं वर्तुळ पूर्ण दिसतं. कानाला हेडफोन लावला की वेल्श भाषणाचं इंग्रजी ऐकू येतं. प्रवेश फुकट. मुलांना न्या. आपले प्रतिनिधी आपल्याकडे पाठ करून बसलेले नाहीत, हे त्यांनाही कळेल.

पत्रांनी भागलं नाही तर याचिका. 250 सह्या झाल्या की सेनेदची याचिका समिती तिचा विचार करते, 10,000 झाल्या तर सभागृहात चर्चेसाठी विचार होतो. आपल्या गणेशोत्सवाच्या एका संध्याकाळी 250 सह्या सहज मिळतील, शेजाऱ्यांना आरतीला बोलावलं तर त्याहून जास्त.

मतदानाबद्दल आपल्यात फार गैरसमज आहे. वेल्समध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या, 16 वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकालाही सेनेदच्या आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, या दोन्ही निवडणुकांत फोटोचं ओळखपत्रही लागत नाही. नाव मात्र यादीत हवं. मुलांची नोंदणी तर 14 व्या वर्षीच करता येते.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनीही आठवड्यातून एखादा दिवस बसने जाऊया. चढलेला प्रत्येक प्रवासी मोजला जातो. आणि ज्यांनी 1997 च्या आधी इथे परीक्षा दिली, त्या काका-मावशींच्या लायसन्सवर मिनीबस चालवायची मुभा असते. नंतरच्यांना बऱ्याचदा त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. गावोगावच्या सामुदायिक मिनीबसना असे चालक मिळेनासे झालेत. महिन्यातून एक सकाळ दिलीत तरी कुणाची तरी तपासणी चुकणार नाही.

या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून दोनच कामं करूया: मतदार यादीत आपलं नाव आहे का ते बघायचं, आणि आपल्या सहा सदस्यांची नावं शोधून पहिलं पत्र पाठवायचं. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने दुसरं.