पाहणाऱ्याचीही एक जागा असते

वाचकहो, ह्या सदरात आपण बहुधा घराच्या चौकटीतले प्रश्न घेतो. आजचा प्रश्न निघतो घरातच, पण त्याचे उत्तर शोधावयास क्रीडांगणापर्यंत जावे लागते. बेंगळुरूच्या राजाजीनगरातील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणा. महाविद्यालयात शिकणारी मुलगी सकाळी डबा भरता भरता म्हणते, "आई, आज आमच्या कॉलेजची फुटबॉलची मॅच आहे. यायला उशीर होईल." आई विचारते, "तू खेळणार आहेस का?" "नाही गं, बघायला जातेय." आणि मग आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज येतो, "नुसते बघायला कशाला जायचे?"

ह्या प्रश्नाला मुलीजवळ सहसा उत्तर नसते. कारण महाविद्यालयानेही तिला कधी ते दिलेले नसते. खेळणाऱ्याचे नाव फलकावर लागते, त्याला हजेरीची सवलत मिळते, गणवेश मिळतो. पाहणाऱ्याची मात्र कोठेच नोंद नसते.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामना कसा असतो, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. दुपारचे ऊन, एका बाजूस चार-सहा पायऱ्या किंवा तेवढेही नाही, राखीव खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि दोन-चार जिवलग मित्र. तिकीट नसते, फाटकावर कोणी उभे नसते, किती माणसे आली हे कोणी मोजीत नाही. "प्रवेश फुकट ठेवला, तरी मुले येत नाहीत," अशी तक्रार शिक्षकांच्या तोंडी ऐकू येते. ह्या तक्रारीकडे जरा निराळ्या बाजूने पाहावे, असे मी सुचवितो. फुकट प्रवेश आणि तिकीटच नसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कार्यास आमंत्रणपत्रिका नाही, तेथे आपली वाट कोणी पाहत असेल असे कोणास वाटत नाही. तिकिटाचे मोल पैशांत थोडे असले, अथवा मुळीच नसले, तरी त्यातून एक गोष्ट निश्चित कळते : तुमच्यासाठी जागा ठेवली आहे.

बेंगळुरूला फुटबॉलचे वावडे आहे, असे म्हणता यावयाचे नाही. १९३७ साली बेंगळूर मुस्लिम्स ह्या संघाने मुंबईच्या रोव्हर्स चषकावर आपले नाव कोरले. तोवर लष्करी संघांची मिरास असलेली ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय संघ होय; आणि दुसऱ्या वर्षी त्याने तो चषक पुन्हा जिंकला. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिम्पिक फुटबॉल सामना १९४८ साली लंडनमध्ये फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. भारताने तो सामना १–२ असा गमावला. पण भारताचा तो एकमेव गोल बेंगळुरूच्या सारंगपाणी रामन ह्यांनी केला होता. संतोष चषकावर त्या वेळच्या म्हैसूर राज्याचे नाव चार वेळा लागले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्यांसारख्या कारखान्यांच्या संघांनी ही परंपरा चालविली. राजाजीनगर हे स्वतः कारखान्यांच्या सोबतीने वाढलेले उपनगर. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचे नाव येथील औद्योगिक वसाहतीशी जोडले गेले, आणि अशा कारखान्यांच्या निमित्ताने काही मराठी कुटुंबेही ह्या भागात स्थिरावली. कामाची पाळी संपल्यावर मैदानाकडे वळणारी पावले ह्या शहराला नवी नाहीत.

तथापि खेळाची परंपरा आणि प्रेक्षकाची सवय ह्या दोहोंची नाळ तुटू शकते. १९६८–६९ नंतर तब्बल चोपन्न वर्षांनी, ४ मार्च २०२३ रोजी, कर्नाटकाने मेघालयाचा ३–२ असा पराभव करून संतोष चषक पुन्हा जिंकला. परंतु तो अंतिम सामना झाला सौदी अरेबियातील रियाध येथे. ज्यांच्या नावाने संघ खेळला, त्या बेंगळुरूकरांना तो मैदानावर बसून पाहण्याची सोय नव्हती.

ही तुटलेली नाळ पुन्हा जुळू शकते काय? जुळू शकते, ह्याचा दाखला ह्याच शहरात आहे. २०१३ साली बेंगळुरू एफसी हा व्यावसायिक संघ स्थापन झाला आणि अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर खेळू लागला. तेथील पश्चिमेकडच्या प्रेक्षागारात नियमाने बसणाऱ्या तरुणांनी त्या जागेवरूनच आपल्या मंडळाचे नाव 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' असे ठेवले. संघाने पहिल्याच हंगामात आय-लीगचे विजेतेपद पटकावले, हे खरे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते नाव आहे. माणसे आधी एका ठरलेल्या जागी बसू लागली, आणि त्या जागेने त्यांचा समूह घडविला. पुढे संघ कंठीरवा स्टेडियमवर गेला, तरी जुन्या प्रेक्षागाराचे नाव त्यांनी सोडले नाही.

ह्याच संघाचा कर्णधार सुनील छेत्री ह्याने २०१८ साली केलेली विनवणी अनेकांस आठवत असेल. मुंबईत अंधेरी येथे भारताने चिनी तैपेई संघास ५–० असे हरविले, तेव्हा मैदानात अवघे अडीच हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी, २ जूनला, छेत्रीने एक छोटी चित्रफीत प्रसृत केली. तिचा आशय असा, की आमच्यावर टीका करा, हवे तर चार शब्द ऐकवा, पण मैदानावर या. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. खेळाचा दर्जा दोन दिवसांत वाढला नव्हता, की तिकिटे स्वस्त झाली नव्हती. आपली वाट पाहिली जात आहे, हे लोकांना प्रथमच कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

आता जरा दूर, अमेरिकेकडे पाहू. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा निराळा खेळ आहे. त्याचा पसारा आपल्या कल्पनेपलीकडचा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तरीही विद्यार्थी उशिरा येतात व लवकर निघून जातात, ही चिंता तेथेही आहेच. मुलांनी वेळेवर यावे म्हणून मिशिगनने २०१३ साली ठरीव जागा रद्द करून 'जो आधी येईल त्याला पुढची जागा' असा नियम केला. विद्यार्थी नाराज झाले. पुढच्याच हंगामात नियम बदलावा लागला; त्या वर्षी विद्यार्थी-तिकिटांची विक्री बरीच घसरली, आणि २०१५ साली दरही उतरवावे लागले. अलाबामा विद्यापीठाने २०१९ साली आणखी एक शक्कल काढली. विद्यार्थी मैदानात आहे की नाही, हे त्याच्या मोबाईलवरून ओळखावयाचे. आल्याबद्दल शंभर गुण, आणि शेवटच्या सत्रापर्यंत थांबल्यास आणखी अडीचशे! हे गुण साठले म्हणजे मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. ह्यावर तेथे पुष्कळ चर्चा झाली. विद्यार्थ्यावर अशी पाळत ठेवावी का, हा प्रश्न आपणही विचारलाच पाहिजे. परंतु ह्या दोन्ही प्रयोगांतून घेण्यासारखा बोध सोपा आहे. ठरलेली जागा काढून घेतली, तर विद्यार्थी दुरावतो. आणि ज्याला बांधून बसवावे लागते, त्याला खेळाची गोडी लागली असे म्हणता येत नाही.

येथवर आपण रिकाम्या बाकांचा विचार केला. परंतु तिकिटाचा संबंध जिवाशीही आहे, आणि हे बेंगळुरूने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. छेत्रीच्या सामन्यानंतर बरोबर सात वर्षांनी, ४ जून २०२५ रोजी, क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी स्टेडियमपाशी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जण मृत्युमुखी पडले. प्रवेश सर्वांस खुला की पास असणाऱ्यांनाच, ह्याविषयी त्या दिवशी उलटसुलट सूचना फिरत होत्या. सुमारे पस्तीस हजारांच्या स्टेडियमच्या दारांशी त्याच्या कित्येक पट माणसे आली. मृतांत शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुले होती. घरून आनंदाने निघालेली ही मुले परतली नाहीत. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी फुटबॉलच्या सामन्यातच सोळा प्रेक्षकांचा बळी गेला होता. तेथे प्रतिस्पर्धी संघांचे चाहते एकाच प्रेक्षागारात शेजारी शेजारी बसले होते. गर्दी मोजलेली नसणे, आणि कोणी कोठे बसावे हे ठरलेले नसणे, ह्या दोन उणिवा किती महाग पडतात, हे ह्या दोन दिवसांनी दाखविले.

महाविद्यालयीन सामन्याला लाखांची गर्दी होत नाही, मग ही काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर असे, की रांग, फाटक आणि ठरलेली जागा ह्यांची सवय लहान मैदानावरच लागते. आपले तिकीट पाहून आपल्या दाराने आत जाणे, दुसऱ्या संघाच्या पाठीराख्यांना त्यांच्या बाजूस सुखाने बसू देणे, सामना संपल्यावर धक्काबुक्की न करता बाहेर पडणे : हे शिक्षण दोनशे माणसांत न मिळालेला तरुण दोन लाखांत एकाएकी शहाणा कसा होणार?

मराठी वाचकांना ह्या संदर्भात कोल्हापूरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि हजारो लोक पदरचे पैसे मोडून तिकीट काढतात. विद्यार्थी, दुकानदार, गवंडी, सारे आपापल्या पेठेच्या बाजूने बसतात. समर्थकांच्या हाणामारीचे गालबोट ह्या खेळास कधी कधी लागले आहे, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही ज्या गावात पाहणारे एवढे, त्या गावातून खेळणारेही निपजतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

मग करावयाचे काय? महाविद्यालयांपुरते बोलावयाचे, तर खर्च फारसा नाही. सामन्याच्या आठवडाभर आधी क्रमांक घातलेली तिकिटे छापावीत आणि ओळखपत्र पाहून विद्यार्थ्यांना द्यावीत. मूल्य ठेवावयाचेच, तर एका चहाएवढे ठेवावे. एखाद्यास तेही जड असेल, तर त्याला विनामूल्य द्यावे, पण तिकीट हाती द्यावेच. मैदान जितक्यांना पुरेल तितकीच तिकिटे काढावीत. पाहुण्या महाविद्यालयासाठी एक बाजू राखून ठेवावी. पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि सायंकाळी उजेड ह्यांची सोय आधी करावी, मगच मुली येत नाहीत असे म्हणावे. फाटकावर फाडलेल्या तिकिटांचे अर्धुक जपून मोजावेत. पुढील वर्षी क्रीडाविभागाने पायऱ्यांसाठी वा छपरासाठी पैसे मागितले, तर त्या आकड्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. राजाजीनगरात १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या केएलई संस्थेचे महाविद्यालय आहे, आसपास इतरही पुष्कळ आहेत. दोन शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून आरंभ केला, तरी पुरे.

पालकांनी काय करावे? जाण्यायेण्याची चिंता रास्त आहे, परंतु ती आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. राजाजीनगरचे मेट्रो स्थानक २०१४ साली सुरू झाले. हिरव्या मार्गावरून मॅजेस्टिकला येऊन जांभळ्या मार्गाने कब्बन पार्कला उतरले, की कंठीरवा स्टेडियम जवळच आहे. मुलामुलीस तिकीट दाखवावयास सांगा. त्यावर मैदान, वेळ आणि दार लिहिलेले असेल, तर सामना केव्हा संपेल आणि पोर घरी केव्हा येईल, ह्याचा अंदाज आपणांस बांधता येईल. ज्या कार्यक्रमास तिकीट अथवा पास लागतो की नाही हेच स्पष्ट नाही, तेथे मात्र निःसंकोचपणे "नको" म्हणा. आणि जमल्यास वर्षातून एकदा आपणही बरोबर जा. आपल्या मुलाच्या वर्गमित्राचा खेळ पाहताना त्याचा वर्ग, त्याचे मित्र आणि त्याचे शिक्षक ह्यांची ओळख आपसूक होते. पालकसभेच्या अर्ध्या तासात ती होत नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे, की तिकीट घेतलेत तर जा, आणि गेलात तर शेवटची शिटी होईपर्यंत बसा. आपला संघ हरत असताना उठून जाणे सोपे असते. पण मैदानावरील अकरा जणांना त्या वेळी उठून जाता येत नाही. आपल्या बाकावर कोण बसले आहे, हे त्यांना तेथून दिसत असते.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी घरातील कोणी "मॅच बघायला जाऊ का?" असे विचारील, तेव्हा "नुसते बघायला कशाला?" असे न म्हणता, "तिकीट आहे ना? जागा कोठली?" असे विचारून पाहा. ज्या घरांतून हा प्रश्न विचारला जाईल, तेथील मुले आपल्या महाविद्यालयाकडे तिकीट मागू लागतील. आणि मागणी आली, म्हणजे महाविद्यालयांनाही त्याची व्यवस्था करावीच लागेल.