आपल्याले काय करा लागते?

तेल्हाऱ्याच्या एसटी स्थानकावर सकाळी एक बाई झाडत होत्या. एक कोपरा लख्ख करून त्या पुढं सरकल्या, तोच बाकावरच्या माणसानं बसल्या जागेवरून मान वळवून त्या झाडलेल्या जागेवरच पिचकारी मारली. चांगले इस्त्रीचे कपडे, हातात कागदपत्रांची पिशवी. बाईंनी वळून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. टोपल्यातली मूठभर माती त्या थुंकीवर टाकली आणि पुन्हा वाकल्या. मी त्या माणसाला हटकलं. तो चिडलाही नाही. "तिले त्याचाच पगार भेटते ना भाऊ," म्हणाला. दहा-बारा जण ऐकत होते. त्यांतल्या एकानं मलाच समजावलं, "जाऊ द्या ना, आपल्याले काय करा लागते?"

हे वाक्य मला त्या पिचकारीहून जास्त लागलं.

बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि गर्दीत चेंगरत चढलेल्या म्हातारीला उभं ठेवायचं. बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात गाडी लावून पानटपरीवर गप्पा हाणायच्या. याला आपण किरकोळ त्रास म्हणतो. मला ते नाव मान्य नाही. समोरचा माणूस हिशेबात धरायचाच नाही, ही वृत्ती किरकोळ कशी? आणि थुंकणाऱ्याला एवढी बेफिकिरी येते कुठून? घाण करणारे हात वेगळे आणि ती उचलणारे हात वेगळे, ही वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून केली. ती जात अजून आपल्या तोंडातून बाहेर पडते आहे, लाल रंगाची.

हे सारं अशा मुलखात चालतं, जिथं देबूजी झिंगराजी जाणोरकर नावाचा माणूस वाढला. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. बालपण आपल्याच जिल्ह्यात, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात, मामाकडं. हेच पुढं गाडगेबाबा झाले. गावात आले की आधी खराटा घ्यायचे, कीर्तन रात्री. पाया पडायला येणाऱ्याला जवळ येऊ द्यायचे नाहीत. १९५६ साली ते गेले. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि खराटा मात्र त्या बाईंच्याच हाती ठेवला.

कायदा नाही असंही नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा वाजवू नये, हा नियम २००० सालचा. तरी वरातीतला डीजे खिडक्यांची तावदानं हलवत राहतो. शेजारच्या घरात आजारी माणूस उशीत डोकं खुपसून पडलेला असतो आणि त्याचा मुलगा तक्रार करत नाही, कारण "सोयरपण बिघडते". नातं सांभाळायचं ते बापाच्या झोपेच्या मोलानं? असल्या भल्या माणसांच्या गप्प बसण्यावरच उर्मट माणूस माजतो. मी स्वतःही कितीदा तरी गप्प बसलो आहे, आणि ते मला सलतं.

सगळ्यात जास्त संताप मला वाहत्या नळाचा येतो. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पिऊन पिऊन माणसं मूत्रपिंडाच्या दुखण्यानं खंगली. गोड्या पाण्यासाठी बायांनी मैलोन्‌मैल पायपीट केली. मग सातपुड्याच्या पायथ्याशी वारीजवळ वान धरण झालं, ८४ खेडी योजना आली. आणि आज? तालुक्यातल्या एका गावात भर दुपारी चौकातल्या नळाला तोटी नव्हती. पाणी धो धो नालीत चाललेलं. पारावर तीन जण बसलेले, पाय त्याच ओलीत. तोटी कुठं गेली, विचारलं. "कोणी तरी काढून नेली," एक जण म्हणाला, आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

निंदणाहून परतणारी एक म्हातारी थांबली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पदराचा फाटका काठ टरकन फाडला, त्याचा बोळा करून नळाच्या तोंडात अंगठ्यानं घट्ट कोंबला. पाणी थेंबावर आलं. गाठोडं पुन्हा डोक्यावर घ्यायला तिला हात हवा होता. तिनं पाराकडं पाहिलं. तिघांतला एकही उठला नाही.