विश्लेषण : टँकरवरचा चार आकडी क्रमांक काय सांगतो? डहाणू-तलासरीकरांनी तो का ओळखायला हवा?

दक्षिणेला तारापूर औद्योगिक वसाहत, उत्तरेला गुजरातमधील सरिगाम आणि वापी. मधोमध डहाणू आणि तलासरी. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार डहाणू तालुक्यात अतिप्रदूषणकारी, म्हणजे ‘लाल’ गटातील उद्योगांना मनाई आहे. रसायनांच्या वाहतुकीला मात्र ही मनाई लागू नाही. आम्ले, ज्वलनशील द्रावके आणि वायूंचे टँकर मुंबई-अहमदाबाद महामार्गाने या दोन्ही तालुक्यांतून जातात. मार्च २०१४ मध्ये चारोटीजवळ गॅसचा टँकर उलटून झालेल्या स्फोटात जीवितहानी झाली होती. अशा वेळी आत काय आहे, हे सांगायला चालक शुद्धीवर असेलच असे नाही. मग उरतो तो वाहनावरचा फलक.

फलकावर काय असते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक बंधनकारक आहे. त्यावर रसायनाचे नाव, धोक्याचे चौकटचिन्ह, आपत्कालीन सेवा व माल पाठवणाऱ्याचा दूरध्वनी आणि संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक जगभर एकच. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया आणि १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. आगीवर पाणी मारायचे की फेस, वस्ती हलवायची का, हे अग्निशमन दल या क्रमांकावरूनच ठरवू शकते.

पिंप सुरक्षित आहे, हे कसे ठरते?

आधी रसायन आणि पिंपाचे जमायला हवे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पोलादी टाकीतून नेता येते. तेच पाणी मिसळून सौम्य झाले की पोलाद खाऊ लागते. उन्हात द्रव प्रसरण पावतो, म्हणून पिंप काठोकाठ भरत नाहीत. आम्ल आणि ब्लीचिंगचे द्रावण शेजारी ठेवत नाहीत, कारण दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो.

प्रमाणित पिंपावर ‘एक्स’, ‘वाय’ किंवा ‘झेड’ हे अक्षर छापलेले असते. ‘एक्स’ सर्वाधिक धोक्याच्या मालासाठीही चालते, ‘झेड’ फक्त कमी धोक्याच्या. चाचणीत भरलेले पिंप अनुक्रमे १.८, १.२ आणि ०.८ मीटरवरून आपटतात. गळले, तर नापास.

जबाबदारी कोणाची?

साखळीची सुरुवात माल पाठवणाऱ्यापासून होते. रसायनाची आणि त्याच्या धोक्याची खरी माहिती वाहतूकदाराला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. वाहतूकदाराने योग्य वाहन द्यायचे, तर चालकाने तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे आणि सूचनांचे ‘ट्रेम कार्ड’ केबिनमध्ये ठेवावे. मात्र पाठवणाऱ्यानेच माल कमी धोक्याचा दाखवला, तर पुढचे सगळे आंधळे होतात. ताडपत्रीखाली पिंपे भरून निघालेल्या साध्या ट्रकवर फलकच नसेल, तर मदतीला धावणाऱ्या गावकऱ्याला काहीच कळत नाही.

रिकाम्या पिंपाचे काय?

ते रिकामे दिसते, पण निर्धोक नसते. रसायनाने दूषित झालेली रिकामी पिंपे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतात. उन्हाळ्यात पाणीटंचाई असलेल्या पाड्यांवर स्वस्त निळे पिंप मोलाचे वाटते. पण प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन पूर्ण जात नाही. त्यामुळे रसायनाचे पिंप पिण्याच्या पाण्यासाठी किंवा धान्यासाठी कधीच वापरू नये.

वाढवण बंदरामुळे काय बदलेल?

सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराच्या आराखड्यात नऊ कंटेनर टर्मिनलांसह द्रवरूप मालासाठी चार धक्के आहेत. म्हणजे धोक्याची वाट महामार्गापुरती राहणार नाही. ती किनाऱ्यापर्यंत येईल. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले. त्यावरील ६४० कंटेनरपैकी १३ मध्ये धोकादायक माल होता आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. त्याला पाणी लागले की ज्वलनशील ॲसिटिलीन तयार होतो. केरळच्या किनाऱ्यावर कंटेनर आणि प्लास्टिकचे दाणे वाहून आले, मच्छीमारांना बुडालेल्या जहाजापासून दूर राहावे लागले. डहाणूच्या मच्छीमारांसाठी हा धडा दूरचा नाही.

अपघात दिसला तर?

सांडलेला द्रव भरून घ्यायला जाऊ नये. वारा पाठीवर येईल अशा बाजूला, लांब थांबावे. बिडी-सिगारेट पेटवू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून क्रमांक दुरूनच वाचावा आणि ११२ वर ठिकाणासोबत तोही सांगावा. फलक नसेल, तर तेही सांगावे. कारखाना गावात नाही म्हणून धोकाही नाही, असे इथे मानता येत नाही.