यात संहिता कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय आणला होता : ‘कीर्ती शिलेदार यांची रंगभूमीवरील कारकीर्द’. विषयाला मंजुरी देणाऱ्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी तिला एवढेच विचारले, ‘यात संहिता कुठे आहे?’ मुलगी गप्प राहिली. मी तिचा मार्गदर्शक. मीही गप्प राहिलो. अखेर विषयाचे ‘सौभद्रातील सुभद्रेचे स्वभावचित्रण’ झाले आणि सर्वांनी चहा घेतला. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आज येथे देतो आहे.

प्रश्न अगदीच गैर होता असे नाही. मराठी विभागात आपण छापील शब्दाचे वाचन शिकवतो. पण मग ‘संगीत सौभद्र’चेच उदाहरण घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचे पहिले तीन अंक १८८२ साली रंगभूमीवर आले. पुस्तकात शंभराहून अधिक पदे आहेत. आज तीन तासांत बसणाऱ्या प्रयोगात त्यांपैकी मोजकीच गायली जातात. किर्लोस्कर १८८५ मध्येच निवर्तले. म्हणजे हे संपादन लेखकाने केलेले नाही आणि कोणा समीक्षकानेही केलेले नाही. कोणते पद ठेवायचे, कोणते गाळायचे, कोणते दोन ओळींत उरकायचे आणि कोणत्या पदापाशी रेंगाळायचे, हे पिढ्यानपिढ्या गायक नटांनी आणि नटींनी ठरवले. आपण वर्गात ‘सौभद्र’ म्हणून जे शिकवतो ते नाटक त्या स्वरूपात कोणी ऐकलेलेच नसते. ऐकले जाते ते गळ्यांनी निवडलेले ‘सौभद्र’. त्या निवडीला वाङ्मयीन निर्णय म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

कीर्ती शिलेदार यांचे नाव याच संदर्भात महत्त्वाचे ठरते. जयराम आणि जयमाला शिलेदार यांची ही कन्या १९५२ साली जन्मली, तेव्हा आईवडिलांची ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था अवघी तीन वर्षांची होती आणि संगीत नाटकाचा वैभवकाळ सरून गेला होता. बोलपट येऊन दोन दशके झाली होती. गंधर्व नाटक मंडळीची कथा आठवणींत जमा झाली होती. चालत्या बाजारात पाऊल टाकणाऱ्या कलावंताची आणि मोडत्या बाजारात पाऊल टाकणाऱ्याची कारकीर्द एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला नवे निर्माण केल्याचे श्रेय मिळते. दुसऱ्याच्या वाट्याला बहुधा ‘परंपरा जपली’ हे थंड विशेषण येते, आणि त्यात ‘नवे काय केले?’ हा टोमणा दडलेला असतो.

कीर्तीताईंवर अनुकरणाचा आक्षेप घेतला जात असे : बालगंधर्वांचे अनुकरण, आईचे अनुकरण. या आक्षेपातली गंमत पाहण्यासारखी आहे. बालगंधर्व पुरुष होते आणि स्त्रीभूमिका करीत होते. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात पाडायला हातभार लावला, तेव्हा सुभद्रा कशी असावी याचे माप एका पुरुषाने आधीच घालून दिलेले होते. त्यानंतरची प्रत्येक गायिका-नटी त्या मापाशी ताडली गेली. स्त्रीने स्त्री म्हणून रंगमंचावर उभे राहावे आणि तिने पुरुषाच्या स्त्रीत्वाची नक्कल केली असे म्हटले जावे! माझ्या मते कीर्तीताईंनी ते माप नाकारले नाही, पण गाण्याच्या बळावर ते आतून उसवले. ‘स्वरसम्राज्ञी’मध्ये ते स्पष्ट ऐकू येते. विद्याधर गोखले यांचे हे नाटक शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या धर्तीवर रचलेले. त्यातील मैना तमाशातली आहे आणि तिला शास्त्रोक्त गाणे शिकायचे आहे. एकाच गळ्याने आधी फडावरचे गायचे आणि मग रागदारी गायची. शिवाय या दोहोंमधला प्रवासही श्रोत्याला ऐकू आला पाहिजे. या भूमिकेला बालगंधर्वांचा आदर्श उपलब्धच नव्हता. अनुकरणाचा आक्षेप घेणारे ‘स्वरसम्राज्ञी’विषयी फारसे बोलत नाहीत, हे मला अर्थपूर्ण वाटते.

येथे जरा दूरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. ‘शाकुंतल’ १८८०चे, ‘सौभद्र’ १८८२चे. याच सुमारास, १८८१ साली, परकीय साम्राज्याच्या छत्राखालील प्राग शहरात चेक लोकांनी वर्गणी गोळा करून आपल्या भाषेचे राष्ट्रीय नाट्यगृह उभारले. ते लगेच आगीत जळाले, तर पुन्हा वर्गणी काढून १८८३ मध्ये परत उघडले. दोन्ही ठिकाणी पराधीन भाषेला गाण्यातून आपला आवाज सापडत होता. चेकांनी त्या आवाजाला घर बांधून दिले. आपण बिऱ्हाड दिले, बैलगाडीवरचे आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातले. पुढे त्यांच्याकडची एमा डेस्टिनोव्हा ही गायिका बर्लिनमार्गे न्यूयॉर्कला पोचली. १९१० साली पुच्चिनीच्या नव्या ऑपेराच्या पहिल्याच प्रयोगात ती कारूझोबरोबर नायिका म्हणून गायली. महायुद्धात चेक राष्ट्रवादाची बाजू घेतल्यामुळे तिला स्वतःच्याच वाड्यात स्थानबद्ध राहावे लागले. आज चेक देशाच्या दोन हजारांच्या नोटेवर तिचे चित्र आहे. तिच्या कारकिर्दीवर प्रबंध लिहिणाऱ्याला ‘संहिता कुठे आहे’ असे तिकडे कोणी विचारत असेल, असे मला वाटत नाही. आपल्याकडे कीर्तीताईंना २०१८ साली मुलुंडच्या ९८व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २२ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. श्रद्धांजलीचे लेख आले आणि त्यांत ‘परंपरा जपली’ हे शब्दही आले.

हे सगळे पुण्या-मुंबईचे झाले. सिंदेवाहीत बसून त्याची उठाठेव का, असे कोणी विचारील. त्याचे कारण वर्गातच मिळाले. ‘सौभद्र’ शिकवताना मी खेदाने म्हणालो की तुमच्या पिढीने नाटकात गाणारी नटी पाहिलेलीच नाही. मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, आमच्या गावी मंडईले नाटक रायते. तिथं बाई गाते ना!’ वर्ग हसला. मी मात्र ओशाळलो, कारण ते खरे होते. धान घरात आले की भाऊबीजेपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके चालतात. आमच्याच लोहमार्गावरच्या वडशाहून मंडळ्या निघतात. ऑर्गन-तबला जिवंत वाजतो, पडद्याआडून प्रॉम्प्टर बोलतो, गायिका-नटीला ‘नाईट’प्रमाणे पैसे मिळतात आणि पहाटे गाडीत झोपून ती दुसऱ्या गावी पोचते. नाटके बहुतेक कौटुंबिक. कथानके भडक म्हणावीत अशी. मी त्यांची भलामण करणार नाही. पण रात्री दोन वाजता थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या हजारो माणसांना एका पदासाठी खिळवून ठेवणे, हे काम करणाऱ्या स्त्रिया आजही आमच्या तालुक्यात येतात आणि जातात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. या गायिका-नटींची मात्र साधी यादीही आमच्या विभागात नाही, आणि ती करण्यापासून आम्हाला कोणी अडवलेले नव्हते.

त्या विद्यार्थिनीने सुभद्रेचे स्वभावचित्रण पूर्ण केले, चांगले गुणही मिळवले. आता ती एका शाळेत शिकवते. गेल्या हंगामात ती घरी आली तेव्हा तिच्या हातात दोनशे पानी वही होती. एकाच मंडळीचे एकच नाटक तिने निरनिराळ्या गावी सात रात्री पाहिले होते. उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले : तारीख, गाव, पद, किती वेळ गायले, वन्स मोअर मिळाला का. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते ‘आज काय गाळले, आणि का’. हा ‘का’ तिने प्रत्येक वेळी रंगपटात जाऊन त्या गायिकेलाच विचारला होता. तिसऱ्या रात्रीच्या नोंदीत लिहिले होते : ‘पुढे बायका जास्त होत्या, लहान मुलं झोपली होती. म्हणून अंगाईचं पद वाढवलं, सवाल-जबाब सोडला.’

वही मी ठेवून घेतली आहे. पुढची बैठक जूनमध्ये आहे.